नाशिक जिल्ह्यात मुलांच्या कॅन्सरचे उपचार कसे सुधारता येतील: पहिल्या संशयापासून शेवटच्या गोळीपर्यंत

मुलांचा कॅन्सर बरा होतो. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या शंभर मुलांपैकी ८० हून अधिक वाचतात. कमी उत्पन्नाच्या अनेक देशांत ३० सुद्धा वाचत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली बालकर्करोगाचा जागतिक उपक्रम सुरू केला आणि २०३० पर्यंत निदान ६० टक्के मुले वाचावीत असे उद्दिष्ट ठेवले. ही दरी महागड्या नव्या औषधांमुळे पडलेली नाही. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर आजही व्हिनक्रिस्टीन, स्टेरॉइड, अ‍ॅस्परजिनेज, मेथोट्रेक्सेट आणि मरकॅप्टोप्युरिन हीच मुख्य औषधे आहेत. त्यांतली बहुतेक कित्येक दशके जुनी आहेत आणि आपल्याकडे मिळतात.

मूल हातचे जाते ते चार ठिकाणी. रोग उशिरा लक्षात येतो. उपचार मध्येच सुटतो. केमोच्या काळात आलेला ताप वेळेत आवरत नाही. आणि कुपोषित अंगाला औषध झेपत नाही. नाशिकहून परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय साधारण १७० किलोमीटरवर आहे. ही जवळीक मोठी सोय आहे, पण तिच्यामुळेच जिल्ह्यात एक सवय पडली आहे: मूल मुंबईला पाठवले की आपले काम संपले. प्रत्यक्षात मुंबईचा वाटा निदान, जड केमो आणि शस्त्रक्रियेचा. वर सांगितलेली चारही ठिकाणे पेठ, सुरगाणा, मालेगाव, निफाड, सिन्नरमध्येच आहेत आणि ती तिथेच सांभाळावी लागतात.

हा लेख जिल्ह्यातले बालरोगतज्ज्ञ, आरोग्य केंद्रांचे डॉक्टर, परिचारिका आणि अशा मुलांसाठी धडपडणाऱ्या संस्थांसाठी आहे. डोस दिले आहेत ते अंदाज यावा म्हणून. शेवटचा शब्द मुलाच्या उपचार केंद्राच्या प्रोटोकॉलचा.

आधी हिशेब करा

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांवर होती. त्यात पंधरा वर्षांखालची मुले ३० टक्के धरली तर ती झाली सुमारे १८ लाख. जगभरच्या नोंदींनुसार या वयात दहा लाख मुलांमागे वर्षाला साधारण १४० जणांना कॅन्सर होतो. म्हणजे जिल्ह्यात दरवर्षी अडीचशेच्या आसपास नवी मुले असायला हवीत. तुमच्या रुग्णालयांच्या वहीत यातली किती सापडतात ते मोजा. जी सापडत नाहीत ती एकतर थेट मुंबई-पुण्याला गेली, नाहीतर निदानाशिवाय दगावली. कोणत्या तालुक्यातून एकही मूल आले नाही ते पाहा. कॅन्सर तिथेही होतच असतो, तेव्हा कामाला सुरुवात तिथून करायची.

हाच हिशेब खाली उतरवा. तीस हजार लोकवस्तीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सुमारे नऊ हजार मुले असतात, म्हणजे वर्षाला कॅन्सरचे एखादेच नवे मूल. आदिवासी भागात केंद्रे वीस हजारांसाठी असतात. तिथे एखादे वर्ष रिकामेही जाते. वर्षात एकदा दिसणारी गोष्ट हजार तापांमधून ओळखायची आहे. डॉक्टर चुकतो तो निष्काळजीपणामुळेच असे नाही. म्हणून एकदाच मोठे शिबिर घेण्यापेक्षा दर तिमाहीच्या बैठकीत दहा मिनिटे या विषयाला देणे जास्त उपयोगी पडते.

संशय कधी घ्यायचा

ओपीडीच्या भिंतीवर लावायची यादी छोटी हवी:

१. दोन आठवड्यांहून लांबलेला ताप, सोबत फिकेपणा, अंगावर लाल-निळे डाग, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त.
२. हाडे दुखतात म्हणून चालायला नकार देणारे किंवा रात्री दुखण्याने जागे होणारे मूल. गुडघ्याच्या वर-खाली वाढत जाणारी सूज.
३. दोन सेंटिमीटरहून मोठी, टणक, चार आठवड्यांत न ओसरलेली गाठ. गळपट्टीच्या हाडाच्या वरची गाठ असेल तर थांबायचेच नाही.
४. पोटात गोळा. हा बहुतेक वेळा आंघोळ घालताना आईच्या हाताला लागतो.
५. डोळ्यात पांढरी चमक, किंवा नव्याने आलेला तिरळेपणा.
६. सकाळी उठल्या उठल्या डोकेदुखी आणि उलटी, चालताना तोल जाणे, बाळाचे डोके भराभर वाढणे.

यातले काहीही दिसले की त्याच दिवशी संपूर्ण रक्ततपासणी आणि रक्ताची काच (काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे रक्त). यंत्राने छापलेल्या आकड्यांवर थांबू नका. काच पॅथॉलॉजिस्टने डोळ्यांनी पाहिली पाहिजे. रक्ताच्या कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशी वाढलेल्याच असतात असे नाही, कमीही असतात किंवा आकडा अगदी नेहमीसारखा असतो. पोटात गोळा असेल तर सोनोग्राफी. गाठ असेल तर छातीचा एक्स-रे आधी.

डोळ्याची तपासणी अंगणवाडीतही होते आणि तिला दोन मिनिटे पुरतात. खोली अंधारी करा. खिडकीवर चादर लावली तरी चालते. मुलाला आईच्या मांडीवर बसवा. डायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोपची (डोळ्यात पाहायच्या हातातल्या उपकरणाची) भिंगे शून्यावर ठेवून हातभर अंतरावरून, साधारण अर्ध्या मीटरवरून, दोन्ही डोळ्यांवर एकदम उजेड टाका. दोन्ही बाहुल्यांत सारखीच तांबूस-केशरी चमक दिसली पाहिजे. एक काळी, एक केशरी, किंवा एकात पांढुरकी झाक दिसली तर आठवड्याच्या आत नेत्रतज्ज्ञ. सावळ्या मुलांत ही चमक थोडी गडद दिसते, म्हणून रंगापेक्षा दोन डोळ्यांतला फरक बघायचा. मोबाइलच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोत एकच डोळा पांढरा दिसतो अशी आईची तक्रार असेल तर तीही तपासणीइतकीच महत्त्वाची माना. डोळ्याचा हा कॅन्सर, रेटिनोब्लास्टोमा, बहुतेक पाच वर्षांच्या आत होतो. तो डोळ्याच्या आत असेतो मूल जवळजवळ नक्की वाचते. भावंडांचे डोळेही तपासून घ्या, कारण काही घरांत तो आनुवंशिक असतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जातात. त्यांच्या पिशवीत ऑफ्थॅल्मोस्कोप असेल आणि त्याचे सेल चालू असतील, एवढे बघितले तरी बरेच साधेल. आश्रमशाळांकडे वेगळे लक्ष हवे. तिथे मूल आईपासून लांब असते. पोटातला गोळा आंघोळीत कोणाच्या हाताला लागत नाही. अधीक्षक आणि अधीक्षिकांना वरची यादी समजावून द्या, आणि वर्षाच्या सुरुवातीला आणि दिवाळीनंतर प्रत्येक मुलाचे वजन लिहायला सांगा. वजन उतरलेले मूल डॉक्टरांपुढे आणायचेच.

चार चुका, ज्यांनी बरा होणारा रोग अवघड होतो

पहिली चूक म्हणजे निदानाआधी स्टेरॉइड. लांबलेला ताप, सांधेदुखी, मानेच्या गाठी यांवर डेक्सामेथासोनचे इंजेक्शन किंवा बीटामेथासोनच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. मूल दोन दिवसांत टवटवीत होते, खायला लागते, घरचे खूश होतात. रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी स्टेरॉइडने विरघळतात, काच आणि बोन मॅरो (हाडातल्या मज्जेची तपासणी) फसवे येतात, आणि काही आठवड्यांनी रोग परततो तो औषधाला सरावूनच. म्हणून काच वाचून होईपर्यंत स्टेरॉइड द्यायचे नाही. आधीच दिले गेले असेल तर नाव, डोस आणि तारीख पत्रात स्पष्ट लिहा. लपवण्याने मुलाचे नुकसान होते.

दुसरी चूक पुराव्याशिवाय टीबीचा कोर्स. आपल्याकडे मानेची गाठ म्हटले की टीबी आठवतो, आणि पुष्कळदा ते बरोबरही असते. पण सुई घालून काढलेल्या पेशींवर लिम्फोमाचे (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचे) निदान पक्के होत नाही. पूर्ण गाठ काढून तिची बायोप्सी करा आणि एक तुकडा टीबीच्या तपासणीला पाठवा. गोळ्या सुरू करून आठ आठवड्यांत गाठ कमी झाली नाही, तर पुढचे औषध लिहिण्याआधी बायोप्सी.

तिसरी, सुजलेल्या पायाला मालिश आणि पट्टी. हाडवैद्याकडे लोक जाणारच; त्याला दोष देत बसू नका. एक्स-रेशिवाय मुलाच्या वाढत्या सुजेला हात लावू नका एवढे त्यालाच सांगा. भगताशीही असेच बोला. पाड्यावर त्याचा शब्द चालतो आणि तोच मूल लवकर पाठवू शकतो.

चौथी चूक रुग्णालयातली. मूत्रपिंडाच्या गाठीत नुसतीच सुई घालून पाहणे, पोटातला गोळा पाच-सहा जणांनी दाबून पाहणे, पांढरी चमक असलेल्या डोळ्याची ट्यूमरचा विचार न करता शस्त्रक्रिया करणे. या तिन्हींनी रोग बाहेर पसरू शकतो.

पहिले ४८ तास

संशय पक्का झाला की नाशिकमध्ये अर्धवट तपासण्यांत दोन आठवडे घालवू नका. बोन मॅरो आणि त्यावरच्या विशेष तपासण्या उपचार केंद्रात पुन्हा होणारच आहेत. उलट प्रवासाला निघण्याआधी मूल स्थिर करणे हे इथले काम, आणि त्यात घाई करून चालत नाही.

छातीचा एक्स-रे बघितल्याशिवाय मुलाला झोपेचे औषध देऊ नका किंवा सिटी स्कॅनसाठी उताणे झोपवू नका. छातीत मोठी गाठ असेल तर आडवे होताच श्वासनलिका दबते. असे मूल बसूनच राहील, बसूनच जाईल.

पांढऱ्या पेशी एक लाखाच्या वर असतील तर हिमोग्लोबिन कमी दिसले म्हणून लगेच रक्त चढवू नका. रक्त घट्ट होऊन मेंदूत किंवा फुप्फुसात अडथळा येतो. आधी केंद्राशी फोनवर बोला.

रक्ताचा कॅन्सर किंवा लिम्फोमा असेल तर सलाईन आणि अ‍ॅलोप्युरिनॉल लगेच. पेशी फुटून युरिक अ‍ॅसिड, पोटॅशियम, फॉस्फेट वाढतात आणि किडनी बंद पडते. जलद वाढणाऱ्या रोगात हे केमोआधीही होते. सलाईन दिवसाला शरीराच्या प्रति चौरस मीटर अडीच ते तीन लिटर, आणि त्यात पोटॅशियम अजिबात नको. शरीराचे क्षेत्रफळ काढायला उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले वजन किलोमध्ये, भागिले ३६००, आणि त्याचे वर्गमूळ. ११० सेंटिमीटर उंच आणि १८ किलो वजनाच्या मुलाचे क्षेत्रफळ ०.७४ चौरस मीटर येते. तीन लिटरच्या हिशेबाने त्याला तासाला सुमारे ९० मिलिलिटर सलाईन लागेल. लघवी मोजा. ती झाली नाही तर सलाईन ओतत राहू नका.

बायोप्सी इथेच झाली असेल तर तुकडा दहा टक्के फॉर्मालिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रवात, रुंद तोंडाच्या बाटलीत. सलाईनमध्ये ठेवलेला तुकडा सडतो आणि मुलाच्या पोटावर पुन्हा चीर द्यावी लागते. पाठवताना नुसत्या काचा देऊ नका, तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक बरोबर द्या. पुढच्या तपासण्या ब्लॉकवरच होतात, आणि एका ब्लॉकसाठी बापाला मुंबईहून नाशिकला परतावे लागते तेव्हा चार दिवस आणि मजुरी दोन्ही जातात.

कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, आयुष्मान भारतशी जोडून, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. हेल्पलाइन १५५३८८. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. पहिल्याच दिवशी त्यांना भेटा. गाडी बहुतेक वेळा अडते ती एका साध्या ठिकाणी: मुलाचे नाव रेशन कार्डावर चढवलेलेच नसते, किंवा आधारवर वेगळे असते. जन्मदाखला, आई-वडिलांचे आधार आणि रेशन कार्ड घेऊन तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत हे काम होते. संस्थेच्या कार्यकर्त्याने सोबत जावे. आईला एकटीला पाठवले तर दोन खेपा वाया जातात आणि तिसऱ्या खेपेला ती जातच नाही. मंजुरी येईपर्यंतच्या औषधांसाठी संस्थेने थोडी रक्कम हाताशी ठेवावी, कारण तातडीच्या रुग्णाचे उपचार कागदासाठी थांबवायचे नसतात.

रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एकाला सवलत मिळते. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. शयनयान आणि थ्री-टायर एसीत रुग्णाला पूर्ण माफी आहे, बसण्याच्या दुसऱ्या वर्गात ७५ टक्के. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाणाऱ्यांना ही दुसरी सवलत लागू पडते. दाखल्याच्या चार प्रती काढून ठेवा. मुंबईत राहण्यासाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्ससारख्या संस्था मुलाला आणि आई-वडिलांना विनामूल्य जागा देतात. तिथे प्रवेश रुग्णालयाच्या समाजसेवा विभागामार्फत होतो, म्हणून पहिल्या भेटीतच तो विभाग गाठायला सांगा. फुटपाथवर राहणारे मूल केमो पुरी करू शकत नाही.

मुंबई आणि नाशिक: कोणी काय करायचे

वाटणी लेखी हवी. निदान, पहिल्या महिनाभराची जड केमो, शस्त्रक्रिया, रेडिएशनचा आराखडा आणि पाठीच्या कण्यातली इंजेक्शने मुख्य केंद्रात. रक्त तपासणे, ताप, रक्त आणि प्लेटलेट देणे, वजन-आहार, गोळ्यांचा टप्पा आणि पाठपुरावा नाशिकमध्ये. केंद्राने एक पानाचे पत्र द्यावे: कोणता रोग, कोणता टप्पा, चालू औषधे आणि डोस, पुढची तारीख, रक्तपेशींच्या कोणत्या आकड्याला औषध थांबवायचे, आणि रात्री कोणाला फोन करायचा. असे पत्र मिळाले नाही तर मागून घ्या.

इथे केमो द्यायचीच असेल तर एक नियम कधी मोडू नका. व्हिनक्रिस्टीन सिरिंजमध्ये भरायचे नाही, छोट्या सलाईनच्या पिशवीत मिसळून शिरेतूनच द्यायचे. ते चुकून पाठीच्या कण्यात गेले तर मूल जवळजवळ कधीच वाचत नाही. सिरिंज हाताशी असली की ही चूक होते; पिशवी कण्याच्या सुईला जोडायला कोणी जाणार नाही. कण्यातली इंजेक्शने वेगळ्या दिवशी, वेगळ्या खोलीत. अ‍ॅस्परजिनेज २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. लोडशेडिंगमध्ये फ्रीजचे तापमान वहीत दिवसातून दोनदा लिहा.

ताप: एका तासाच्या आत

जिल्ह्यात एकच सुधारणा करायची असेल तर ही करा. केमोनंतर सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या काळातला ताप हे बऱ्याचदा जंतू रक्तात गेल्याचे एकमेव लक्षण असते. पू नाही, सूज नाही, कधी खोकलाही नाही. मूल सकाळी खेळत असते आणि संध्याकाळी रक्तदाब पडतो.

घरच्यांना आकडा द्या: १००.४ फॅरनहाइट. एकदा १०१ दिसला, किंवा १००.४ तासभर टिकला, की निघायचे. पॅरासिटामॉल आधी देऊ नका. ताप उतरला म्हणून घरचे सकाळपर्यंत थांबतात. प्रत्येक कुटुंबाला डिजिटल थर्मामीटर द्या, आणि तो आईला स्वतः लावून वाचून दाखवायला सांगा. तिला आकडे वाचता येत नसतील तर थर्मामीटरच्या पडद्यावरच्या १००.४ चे चित्र कार्डावर काढून द्या, म्हणजे ताडून पाहता येते. तापमान काखेत घ्यायचे, गुदद्वारातून नाही.

प्रत्येक मुलाच्या गळ्यात किंवा दप्तरात प्लॅस्टिकमध्ये बंद केलेले कार्ड असावे. त्यावर मोठ्या अक्षरांत: “या मुलाला केमोथेरपी सुरू आहे. ताप आहे. रांगेत बसवू नका. एका तासाच्या आत अँटिबायोटिकचा पहिला डोस द्या. तपासणीच्या रिपोर्टची वाट पाहू नका.” खाली वजन, डोस आणि केंद्राचा फोन.

ग्रामीण रुग्णालयात एक पेटी तयार ठेवा. तिच्यात थर्मामीटर, २२ आणि २४ नंबरची कॅन्युला, मुलांची ब्लड कल्चर बाटली (रक्तातले जंतू शोधण्यासाठी), पायपरासिलिन-टॅझोबॅक्टमच्या दोन कुप्या, अ‍ॅमिकासिन, नॉर्मल सलाईनच्या दोन बाटल्या आणि वजनानुसार डोसचा तक्ता. पायपरासिलिन दर सहा तासांनी किलोमागे ८० ते १०० मिलिग्रॅम. १८ किलोच्या मुलाला एका वेळी दीड ते १.८ ग्रॅम. अ‍ॅमिकासिन दिवसातून एकदा किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे २७०. कल्चरचे रक्त आधी घ्यायचे, पण शीर सापडत नाही म्हणून डोस थांबवायचा नाही. हातपाय गार, नाडी भरभर असेल तर किलोमागे १० ते २० मिलिलिटर सलाईन आणि लगेच पुन्हा तपासणी. मग १०८ ने नाशिकला. पहिला डोस दिल्यावरच गाडीत घालायचे. सुरगाण्याच्या पाड्यावरून नाशिकला पोचायला तीन तास लागत असतील तर पहिला डोस सुरगाण्यातच पडला पाहिजे.

पेटी ज्या कारणांनी निकामी होते ती ठरलेली आहेत. कल्चर बाटलीची मुदत संपते, कुप्या दुसऱ्या रुग्णाला वापरून परत ठेवल्या जात नाहीत, आणि रात्रीच्या सिस्टरला पेटी कुठे आहे ते माहीत नसते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी पेटी उघडून झाकणावर सही करायची, आणि दर पाळीत एकाला तिची माहिती द्यायची. प्रत्येक तापाच्या मुलाची दोन वेळांची नोंद ठेवा: दारात आले कधी, पहिला डोस कधी. या दोन वेळांतले अंतर प्रत्येक बैठकीत वाचून दाखवा.

ताप असो-नसो, स्नायूत इंजेक्शन नको, आणि अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको. प्लेटलेट कमी असताना रक्तस्राव होतो.

रक्त आणि पेशी

साधारण नियम असा: हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेले तर पॅक्ड सेल (रक्तातल्या तांबड्या पेशी), किलोमागे १० ते १५ मिलिलिटर. प्लेटलेट दहा हजारांच्या खाली, किंवा ताप असेल तर वीस हजारांच्या खाली, दर दहा किलोंमागे एक पिशवी. प्लेटलेट २० ते २४ अंशांत सतत हलवत ठेवाव्या लागतात आणि पाचच दिवस टिकतात. वॉर्डच्या फ्रीजमध्ये ठेवलेली पिशवी वाया गेली समजा. म्हणून रक्तदान शिबिरे एकाच दिवशी, जयंतीला किंवा वाढदिवसाला, गर्दीने घेण्यापेक्षा आठवड्याला विभागून घेतलेली या मुलांच्या जास्त कामी येतात. गणेश मंडळांना हे समजावून सांगितले तर ती तारखा वाटून घेतात.

गोळ्यांचा टप्पा

रक्ताच्या कॅन्सरचा उपचार दोन ते अडीच वर्षे चालतो आणि त्यातला मोठा भाग घरी गोळ्यांवर असतो. मूल दिसायला बरे असते, केस आलेले असतात, शाळेत जाते. गोळ्या इथेच सुटतात.

०.७४ चौरस मीटरच्या मुलाचे उदाहरण घेऊ. मरकॅप्टोप्युरिन प्रति चौरस मीटर ५० मिलिग्रॅमने रोज ३७ मिलिग्रॅम होते, पण गोळी येते ५० ची. रोज पाऊण गोळी तोडायला सांगितले तर भुगाच होतो. आठवड्याचा हिशेब करा: २५९ मिलिग्रॅम, म्हणजे पाच गोळ्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार पूर्ण आणि उरलेले चार दिवस अर्धी. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, प्रति चौरस मीटर २० मिलिग्रॅमच्या हिशेबाने १५ मिलिग्रॅम, म्हणजे अडीच मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या रविवारी एकत्र. ही गोळी चुकून रोज दिली गेली तर तोंड सोलवटते, पेशी संपतात आणि मूल दगावते. म्हणून दुकानातून पूर्ण पाकीट हातात देऊ नका.

सात कागदी पुड्या करा, प्रत्येकीवर वार लिहा. रविवारच्या पुडीला लाल धागा बांधा, मेथोट्रेक्सेट फक्त तिच्यात. पुढच्या भेटीला रिकाम्या पुड्या परत आणायला सांगा आणि त्या समोर मोजा. उरलेली पुडी दिसली तर रागावू नका, कारण विचारा. आई गोळी उलटून पडली म्हणून घाबरली असेल, किंवा मामाच्या घरी लग्नाला गेले तेव्हा डबा घरी राहिला असेल. रागावले की पुढच्या वेळी उरलेल्या पुड्या चुलीत जातात.

काही मुलांच्या रक्तपेशी मरकॅप्टोप्युरिनच्या नेहमीच्याच डोसावर फार खाली जातात. भारतीय आणि इतर आशियाई मुलांत एनयूडीटी-१५ नावाच्या जनुकातला फरक बऱ्यापैकी आढळतो, त्यांना डोस कमी लागतो. असे दिसले की केंद्राला कळवा. स्वतःहून महिनाभर गोळी बंद ठेवू नका.

अन्न

पोटात दोन किलोचा गोळा असलेल्या मुलाचे वजन काट्यावर ठीक दिसते. म्हणून दंडाचा घेर मोजा. पाच वर्षांखालच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या आत असेल तर तीव्र कुपोषण, १२.५ च्या आत असेल तर मध्यम. दर भेटीला हा आकडा फाइलच्या पहिल्या पानावर हवा.

डबाबंद प्रोटीन पावडर लिहून देण्याआधी घरात काय आहे ते विचारा. पेठ-सुरगाण्यात नागली आहे, उडीद आहे. निफाड-येवल्याकडे बाजरी, शेंगदाणे. रोज एक पूर्ण उकडलेले अंडे, शेंगदाणा-गुळाचा लाडू, तूप घातलेली मुगाची खिचडी, दूध घातलेली नागलीची पेज, हे दिवसातून पाच-सहा वेळा थोडेथोडे. पेशी कमी असताना कच्ची कोशिंबीर, उघड्यावरचा उसाचा रस, न उकळलेले दूध नको. जाड सालीचे फळ धुऊन, सोलून चालते. हळद, लिंबू, अंडे, मांस बंद करण्याचे पथ्य कोणीतरी सांगतेच. ते नेमके विचारून काढून टाका. आणि आईसोबत आलेल्या धाकट्या भावंडाच्या पोटाचीही सोय बघा, नाहीतर डबा दोघांत वाटला जातो.

उपचार सुटू नये म्हणून

सलग चार आठवडे उपचार चुकला की तो सोडला असे जगभर धरतात. तोपर्यंत थांबायचे नाही. तारीख चुकली त्याच संध्याकाळी फोन. दुसऱ्या दिवशी दुसरा नंबर. नोंदणीच्या वेळी तीन नंबर घ्या, त्यातला एक शेजाऱ्याचा किंवा किराणा दुकानाचा. तिसऱ्या दिवशी आशा ताईला निरोप. सातव्या दिवशी कोणीतरी घरी.

घरी गेलात तर दोष देण्यासाठी जाऊ नका. कारणे ठरलेली असतात: उसनवारी संपली, घरच्या दुसऱ्या मुलाला बघायला कोणी नाही, मूल बरे दिसते, मुलगी आहे म्हणून आजोबा नको म्हणतात. शेवटच्या कारणाशी भिडायलाच हवे. तुमच्या वहीत मुलांपेक्षा मुली किती कमी आहेत ते बघा. काही कॅन्सर मुलग्यांत थोडे जास्त असतात, पण फरक दुपटीचा असेल तर तो रोगाने आलेला नाही.

नाशिकचे स्वतःचे एक कारण आहे. पाऊस सरला की सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरची कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात आणि छाटणीपासून काढणीपर्यंत तिकडेच राहतात. आशा ताई पाड्यावर शोधते तेव्हा घराला कुलूप असते. म्हणून सप्टेंबरमध्येच विचारून ठेवा: यंदा कोणत्या गावी, कोणत्या मुकादमासोबत. बागेजवळच्या आरोग्य केंद्राला मुलाचे नाव आधी कळवा आणि तापाच्या कार्डावर तिथला पत्ता लिहा. बागेत फवारणी चालू असताना मुलाने तिथे थांबायचे नाही, हे बागायतदारालाच सांगा.

बोलीचाही विचार करा. बागलाण-कळवणकडून आलेल्या आजीला अहिराणीत, पेठच्या आईला कोकणा आदिवासींच्या बोलीत, मालेगावच्या कुटुंबाला उर्दूत समजावणारे एक माणूस वॉर्डात असेल तर अर्धी भीती तिथेच उतरते. निदान सांगताना वडिलांसोबत आईलाही बसवा. आणि शेवटी विचारा, “घरी गेल्यावर आजीला काय सांगाल?” ती काय सांगते त्यावरून तिला किती समजले ते कळते.

दुखणे

प्रत्येक मूल वाचत नाही. वाचणार नाही त्याला वेदनेत ठेवायचे कारण नाही. अमली पदार्थविषयक (एनडीपीएस) कायद्यात २०१४ साली झालेल्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला मॉर्फिन ठेवण्याची प्रक्रिया सोपी झाली आहे. जिल्ह्यात निदान एका ठिकाणी तोंडाने घेण्याचे मॉर्फिन कायम असावे. ते घड्याळाप्रमाणे, दर चार तासांनी द्यायचे. दुखेल तेव्हा नाही. पहिल्याच दिवसापासून पोट साफ होण्याचे सौम्य औषध सोबत लिहा, नाहीतर पोट गच्च होते आणि घरचे मॉर्फिन बंद करतात. घरी जायचे ठरले तर औषध, फोन नंबर आणि गावच्या आरोग्यसेविकेचे नाव हातात देऊनच पाठवा.

वही

संगणक नसला तरी चालेल, एक जाड वही पुरे. रकाने: नाव, वय, मुलगा की मुलगी, तालुका, पहिले लक्षण कधी, पहिला डॉक्टर कधी, निदान कधी, उपचार सुरू कधी, दंडाचा घेर, चुकलेल्या तारखा, तापाच्या दोन वेळा, आणि मूल आज कुठे आहे. ‘आज कुठे आहे’ हा रकाना दर सहा महिन्यांनी फोन करून भरायचा, उपचार संपल्यावरही पाच वर्षे. डॉक्सोरुबिसिन किंवा डॉनोरुबिसिन घेतलेल्या मुलांपुढे हृदयाच्या इकोची तारीख लिहा, कारण हृदयावरचा परिणाम कधी कधी पुष्कळ वर्षांनी दिसतो. उपचार संपलेल्या प्रत्येक मुलाला एका पानाचा गोषवारा द्या आणि त्याची प्रत वहीत चिकटवा: कोणती औषधे, एकूण किती, कुठे रेडिएशन. ते मूल वीस वर्षांचे होऊन दुसऱ्या शहरात नव्या डॉक्टरसमोर बसेल तेव्हा ते पान त्याच्या हातात असायला हवे.